चित्र धूसर होते, पण थांबत नाही

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि घरोघरी इंटरनेटचा वापर वाढला. त्या वेळी भारतातील प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८०पीपेक्षा अधिक स्पष्टतेचे चित्र न देण्याचे ठरविले. नेटवर्कवरील ताण हलका करणे हा त्यामागील हेतू होता. मोबाइलवर व्हिडिओ पाहताना अशीच तडजोड दररोज, क्षणोक्षणी होत असते.

याचे कारण बिनतारी जोडणीच्या स्वरूपात आहे. टॉवरची क्षमता त्या परिसरातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. शिवाय अंतर, भिंती आणि प्रवास यांमुळे प्रत्येकाच्या वाट्याची गती सतत बदलते. १०८०पीच्या एका चौकटीत ४८०पीच्या सुमारे पाचपट बिंदू असतात. एवढा भार प्रत्येक क्षणी पेलला जाईल, याची हमी नसते.

त्यावर प्रामुख्याने दोन उपाय आहेत. पहिल्यात एकाच चित्रपटाच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती करून त्यांचे काही सेकंदांचे तुकडे सर्व्हरवर ठेवले जातात. आधीचा तुकडा किती वेगाने आला आणि फोनमध्ये किती सेकंदांचा साठा उरला आहे, हे पाहून ॲप पुढच्या तुकड्याचा दर्जा ठरविते.

थेट संभाषणात मात्र असा साठा करता येत नाही. तेथे दुसरा उपाय, म्हणजे स्तररचना, उपयोगी पडतो. एच.२६४ या २००३ च्या प्रमाणपद्धतीला २००७ मध्ये तिची जोड मिळाली. पायाभूत स्तरातून साधे, पण पूर्ण चित्र मिळते. पूरक स्तर त्यात आकार, स्पष्टता किंवा दर सेकंदाच्या चौकटींची भर घालतात. गटचर्चेत एकाचा सिग्नल क्षीण झाला, तर सर्व्हर केवळ त्याच्याकडे जाणारे पूरक स्तर गाळतो. इतरांचे चित्र तसेच राहते. पायाभूत स्तरच हरवला, तर मात्र वरचे स्तर निरुपयोगी ठरतात. या रचनेला थोडा अधिक डेटा लागतो आणि फोनचे कामही वाढते. त्यामुळे चित्रपट दाखविणाऱ्या सेवा मुख्यतः पहिल्याच उपायावर विसंबतात.

तेव्हा चित्र धूसर झाले म्हणजे यंत्रणा बिघडलीच, असे नव्हे. डॉक्टरांशी बोलणाऱ्या रुग्णाला किंवा वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला चित्राच्या देखणेपणापेक्षा त्याचे सातत्य मोलाचे असते. सिग्नल क्षीण असताना हट्टाने उच्च दर्जा निवडला, तर हे सातत्यच तुटते. अशा वेळी दर्जाची निवड ॲपवर सोपविणे शहाणपणाचे.