नादारीच्या आदेशाविरुद्ध अपील

न्यायालयाने एखाद्या ऋणकोला नादार ठरविले की त्याची मालमत्ता त्याची राहत नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमानुसार ती न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. कारागिराची अवजारे किंवा अंगावरचे कपडे यांसारख्या, जप्तीतून कायद्यानेच वगळलेल्या वस्तू तेवढ्या त्याच्यापाशी उरतात. शिवाय आदेश आज झाला तरी त्याचा अंमल अर्ज दाखल झाला त्या दिवसापासून धरला जातो. एवढा दूरवर पोचणारा आदेश चुकीचा असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांच्या कुतूहलाचा नाही.

अधिनियमाचे पंचाहत्तरावे कलम अपिलाचा अधिकार ऋणको, धनको, रिसीव्हर आणि आदेशामुळे ‘व्यथित’ झालेली अन्य व्यक्ती यांना देते. ‘व्यथित’ या शब्दाभोवती बराच वाद झाला आहे. साइडबॉथम प्रकरणात १८८० साली लॉर्ड जस्टिस जेम्स यांनी त्याचा जो अर्थ लावला, तोच भारतीय न्यायालयेही प्रमाण मानत आली आहेत. अपेक्षित लाभ मिळाला नाही म्हणून हिरमुसलेला मनुष्य व्यथित ठरत नाही; निर्णयामुळे त्याच्या हक्काचे काही हिरावले गेले असले पाहिजे. नादार ठरविलेल्या ऋणकोच्या बाबतीत मात्र हा काथ्याकूट करण्याचे कारण नाही. ज्याचे सर्वस्वच गेले, त्याच्याहून अधिक व्यथित कोण असणार?

अपील कोठे करावयाचे, हे आदेश कोणी दिला यावर अवलंबून असते. जिल्हा न्यायालयाच्या हाताखालील न्यायालयाने तो दिला असेल तर ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयाकडे जावे लागते. जिल्हा न्यायालयाने स्वतःच दिलेला नादारीचा आदेश असेल तर ९० दिवसांच्या आत उच्च न्यायालयाकडे जाता येते. निकालाची नक्कल मिळविण्यात जाणारा काळ या मुदतीत मोजला जात नाही आणि पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफही होऊ शकतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा निराळा अधिनियम झाला. तेथे उच्च न्यायालयातील एका न्यायाधीशाच्या आदेशावरील अपील त्याच न्यायालयाच्या खंडपीठापुढे जाते. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींना १ डिसेंबर २०१९ पासून २०१६ ची संहिता लागू झाली. तिच्यात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि विलंबाची माफी फार तर आणखी १५ दिवसांपुरती मिळते.

अपील दाखल झाले म्हणजे आदेश आपोआप थांबला, ही समजूत मात्र घातक आहे. स्थगिती स्वतंत्रपणे मागावी लागते आणि ती देणे न देणे न्यायालयाच्या हाती असते. ती मिळेपर्यंत रिसीव्हर मालमत्ता ताब्यात घेऊ शकतो, विकूही शकतो. पुढे न्यायालयाने नादारी रद्द केली, तरी रिसीव्हरने तोवर रीतसर केलेली विक्री आणि दिलेल्या रकमा सदतिसाव्या कलमाने वैध राहतात. उरलेली मालमत्ता ऋणकोला परत मिळते. विकलेले घर मात्र खरेदीदाराकडेच राहते. यामुळे जाणते वकील अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्जही दाखल करतात.