भारतरत्न हा किताब नव्हे

निबंधांत “भारतरत्न धोंडो केशव कर्वे” असें लिहिणाऱ्या मुलांच्या वहींत आम्ही लाल रेघ मारली, तेव्हां एका पालकांनीं विचारलें कीं, सरकारनें दिलेला मान लिहिला तर चुकलें काय? प्रश्न रास्त आहे.

हा सन्मान ता. २ जानेवारी १९५४ च्या अधिसूचनेनें निर्माण झाला. पंतप्रधानांनीं शिफारस करावयाची व राष्ट्रपतींनीं तो द्यावयाचा, अशी रीत आहे. जात, धंदा, हुद्दा किंवा स्त्रीपुरुष असा भेद त्यांत नाहीं. राष्ट्रपतींच्या सहीची सनद व पिंपळपानाच्या आकाराचें पदक मिळतें. पैसा एकहि मिळत नाहीं. एका वर्षीं तिघांहून अधिकांस देऊं नये असा निर्बंध आहे खरा, परंतु १९९९ सालीं चौघांस व २०२४ सालीं पांच जणांस तो दिला गेला! मरणोत्तर सन्मानाची सोय १९५५ सालीं झाली, डॉ. आंबेडकरांस १९९० सालीं तो तसाच मिळाला.

आतां लाल रेघेविषयीं. इंग्रजी अमदानींत ‘सर’, ‘रावबहादूर’ हे किताब नांवास चिकटत, आणि माणसामाणसांत सरकारच पायऱ्या बांधी. म्हणून आपल्या राज्यघटनेच्या १८ व्या कलमानें, लष्करी व विद्याविषयक उपाधि वगळतां, किताब देण्याची राज्यास मनाई केली. मग भारतरत्न कसें चालतें? हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. १९९५ सालीं निकाल झाला कीं, हे सन्मान किताब नव्हेत. मात्र ते नांवाच्या मागें किंवा पुढें लावूं नयेत, लावल्यास सन्मान गमवावा लागेल.

कर्व्यांना हा सन्मान १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं मिळाला. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला, तेव्हां मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांस वाळींत टाकलें होतें. ह्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी, हें आमच्या मुलींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. पुढें १८९६ सालीं त्यांनीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढला, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ.

तेव्हां “१९५८ सालीं भारतरत्न मिळालेले धोंडो केशव कर्वे” असें लिहावें. ‘महर्षि कर्वे’ लिहिल्यास आम्ही रेघ मारणार नाहीं. तें उपपद लोकांनीं दिलेलें आहे, आणि १८ वें कलम लोकांस लागू नाहीं.