मत्स्यपेटी नव्याने मांडताना

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. शाळेतील मत्स्यपेटी नव्याने मांडताना हीच काटकसर माशांचा जीव वाचवते. ती कशी?

पुष्कळजण पेटीतले सारे पाणी ओतून देतात, वाळू नळाखाली खळखळून धुतात. पेटी लखलखते; पण चार-सहा दिवसांत मासे दगावू लागतात! माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया हे विष सतत बाहेर पडते. वाळूवरचे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी विषारी नायट्रेट बनवतात. विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू शोधले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारक ठरतो.

म्हणून एक चतुर्थांश पाणीच बदला. नवे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हे काम सकाळी करा. मासे पेटीतच राहू द्या. दगड सावकाश हलवा. माशाच्या पार्श्वरेषेला पाण्यातील बारीक हालचालही जाणवते. आज एक बाजू, दुसरी आठवड्याने. म्हणजे दडायला जागा उरते.

काढलेले पाणी झाडांना घाला. त्यातले नायट्रेट त्यांचे खतच आहे!