कला शाखेचं पहिलं वर्ष आणि ऑफिसचं दार

मीरा-भाईंदरमध्ये बी.ए.ला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींचा रस्ता बरीच वर्षं ठरलेला होता. आधी पदवी, मग एम.ए., बी.एड., स्पर्धा परीक्षा नाहीतर तीन वर्षांचं एलएल.बी. ऑफिसचं तोंड बघायचं ते त्यानंतर. गेल्या पाच-सहा वर्षांत हे पालटलं. आता एफवायबीएचं पहिलं सेमिस्टर संपत नाही तोच मुलं रेझ्युमे तयार करतात आणि फोर्टमधल्या लॉ फर्म, बीकेसीतल्या वित्तीय कंपन्या, भाईंदरमधले सीए अशा सगळ्यांना मेल धाडतात. यातल्या काहींचे अर्ज नीट करून द्यायला मी त्यांच्याबरोबर बसत आलो आहे. त्या अनुभवातून या काळाचा हिशेब मांडावासा वाटतो.

सुरुवात टाळेबंदीने झाली. मार्च २०२० नंतर ऑफिसं घरात आली, तशी इंटर्नशिपही घरात आली. चर्चगेटपर्यंतचा प्रवास, पासाचे पैसे, मुलीला रोज त्या गर्दीत कसं पाठवायचं ही घरच्यांची काळजी, या अडचणी एकदम दूर झाल्या. पण त्याच काळात भुरटी कामंही वाढली. ‘फायनान्स इंटर्न’ म्हणून घेतलेल्या मुलांना पहिलं काम मिळे ते नातेवाइकांची यादी करण्याचं. मामा, काका, शेजारी यांची डीमॅट खाती उघडून द्या, विमा विका. काही ठिकाणी तर प्रशिक्षणाच्या नावाखाली मुलांकडूनच पैसे मागितले गेले. तेव्हापासून प्रत्येकाला एक गोष्ट आधी सांगतो: काम देणारा पैसे मागत असेल, तर तिकडे फिरकायचं नाही.

२०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. इंटर्नशिप आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) यांना श्रेयांकांत जागा मिळाली. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं असेल, तरी उन्हाळ्यात कामाचा अनुभव किंवा व्यवसाय-कौशल्याचा अभ्यासक्रम करावा लागतो. थोडक्यात, अभ्यासक्रमाने मुलांना ऑफिसच्या दारापर्यंत नेलं. दार आतून कोण उघडणार, याचं उत्तर मात्र त्यात नव्हतं.

वकिलांकडे अडचण नियमातच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२ आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. वकिलाच्या चेंबरमध्ये बसायला एक टेबल असेल, तर ते या विद्यार्थ्यांना आधी मिळणार. सीएकडे आर्टिकलशिपची मुलं आधी. शिवाय दोन्हीकडे अशिलांचे खासगी कागद असतात, त्यामुळे ओळखीचं मूल घेण्याकडे कल असतो. ज्याच्या घरात कुणी वकील नाही, सीए नाही, त्याचा मेल न वाचलेला राहतो.

सरकारी योजनांतही या मुलांना जागा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना २१ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठी होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना बंद होती. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वयाच्या अठराव्या वर्षापासून लागू होते, पण तिथेही शिक्षण चालू असलेला उमेदवार चालत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दोन्हींच्या बाहेरच राहतो.

मग ज्यांना काम मिळालं, त्यांना ते कशामुळे मिळालं? माझ्या पाहण्यात त्याचं कारण बहुतेक वेळा भाषा हेच होतं. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. एफआयआर मराठीत, सातबारा मराठीत, पंचनामा मराठीत. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की कामकाज इंग्रजीत, म्हणजे प्रत्येक कागदाचं भाषांतर हवं. दोन्ही भाषा चांगल्या येणारं, पानंच्या पानं वाचून अर्ध्या पानात सारांश देणारं मूल कुठल्याही वकिलाच्या कामाचं असतं. आणि हेच तर इतिहास, राज्यशास्त्र, साहित्य शिकणारी मुलं वर्गात करत असतात. ‘मला कायद्यात खूप रस आहे’ असं लिहिलेल्या मेलला सहसा उत्तर येत नाही. एखाद्या निकालाचा स्वतः केलेला मराठी सारांश जोडून पाठवलेल्या मेलला मात्र उत्तरं आलेली मी पाहिली आहेत.

दुसरं कारण खुद्द हे शहर. २०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर होती, आणि ती मुख्यतः गृहनिर्माण सोसायट्यांत राहते. प्रत्येक सोसायटीला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहावं लागतं. बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे जावं लागतं. त्यासाठी सदनिकाधारकांचे करारनामे, इंडेक्स टू, मंजूर नकाशे गोळा करून जुळवावे लागतात. हे काम करताना एका मुलीने मालमत्तेचा कायदा जितका समजून घेतला, तितका पाठ्यपुस्तकातून समजला नसता. ३१ जुलैच्या आधी रिटर्नच्या गर्दीत स्थानिक सीएकडे व्हाउचर लावणारी, बँक स्टेटमेंट ताडून पाहणारी कला शाखेची मुलंही ताळेबंद वाचायला शिकली. मार्च २०२५ मध्ये मीरा रोडला न्यायालय सुरू झालं. तोवर प्रत्येक तारखेला ठाणे गाठावं लागे. आता कॉलेज सुटल्यावर कोर्टात जाऊन सुनावणी ऐकता येते.

कला शाखा आणि पैशाचा व्यवहार यांचा संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी डॉ. आंबेडकरांची आठवण करून देतो. एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेल्या या माणसाने रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये अर्थशास्त्राबरोबर त्यांनी बॅरिस्टरीही पूर्ण केली आणि परतल्यावर मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. न्यायमूर्ती रानड्यांनीही न्यायदान आणि अर्थचिंतन यांत भिंत घातली नव्हती. ही परंपरा मुंबईचीच आहे, आणि आपल्या उपनगरातल्या मुलांचाही तिच्यावर हक्क आहे.

एवढ्या काळात मुलांनी आपल्या बाजूने पुष्कळ केलं. आता पाळी मोठ्यांची आहे. भाईंदर-मीरा रोडमधल्या प्रत्येक सीए आणि वकिलाने उन्हाळ्यातला एक महिना पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा, ओळख न विचारता घ्यावं, आणि निदान प्रवासाचे व जेवणाचे पैसे द्यावेत. कॉलेजांनी अशा ऑफिसांची यादी करून ती डिसेंबरातच फलकावर लावावी. त्याला ना नवा कायदा लागतो ना निधी, आणि पुढच्या मे महिन्यातच ते सुरू करता येईल.