तुम्ही कोणते ग्रँड कॅन्यन पाहिले?

मे महिना जवळ आला की आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आणखी एक कार्यक्रम आपोआप सुरू होतो. रंगमंचावर नाट्यगीत रंगात आलेले असते आणि मागे चहाच्या टेबलापाशी "मग, यंदा कुठे?" रंगात आलेले असते. कुणाचे आई-बाबा भारतातून येणार असतात, कुणाची लेक कॉलेजला जाण्यापूर्वीची ही शेवटची सुट्टी असते, कुणाला साहेबाने मोठ्या उदार मनाने सलग दोन आठवडे मंजूर केलेले असतात. मग सल्ल्यांची देवाणघेवाण होते. "यलोस्टोन कराच!" "ग्रँड कॅन्यन काय, एका दिवसात होतं." "नायगारा बघायचा तर कॅनडाच्या बाजूनंच." चहा संपतो, सल्ले घरी जातात आणि त्यांच्या भरवशावर विमानाची तिकिटे निघतात.

हे सल्ले मोलाचे असतात यात शंका नाही. छापील मार्गदर्शक पुस्तकात सासूबाईंचे गुडघे नसतात, शाकाहारी माणसाची रात्री साडेआठची भूक नसते आणि "मला आपला सकाळी सहाला चहा लागतो" म्हणणारे बाबाही नसतात. ते फक्त आपल्या माणसांना ठाऊक. तरीही एकाच सल्ल्यावर एका घरची सहल सोन्यासारखी होते आणि दुसऱ्या घरची मंडळी आठवडाभर गाडीत बसून थकून परततात, असे का व्हावे?

गेली बरीच वर्षे मी असे सल्ले एका वहीत टिपून ठेवतो. कोणते सल्ले पुढे उपयोगी पडले हे त्या वहीत पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रवासाच्या सल्ल्यात अर्धी माहिती जागेची असते आणि अर्धी सांगणाऱ्याची. कोण गेले होते, कधी गेले होते, कुठून आणि कसे गेले होते, ही ती दुसरी अर्धी. आपण पहिली अर्धी हौसेने सांगतो आणि दुसरी गाळतो. हा लेख त्या गाळलेल्या अर्ध्याविषयी.

नाव एक, जागा तीन

ग्रँड कॅन्यनचेच घ्या. दोन कुटुंबे "आम्ही ग्रँड कॅन्यन केलं" असे सांगतात तेव्हा त्यांनी एकच जागा पाहिली असेल असे नाही. बहुतेक लोक जातात तो दक्षिण कडा. समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर असलेला हा भाग वर्षभर उघडा असतो. समोर दिसतो तो उत्तर कडा, आणखी हजारभर फूट उंच आणि हिवाळ्यात बंद. सरळ रेषेत दोन्ही कड्यांमध्ये सरासरी दहा मैलांचे अंतर; पण मोटारीने एकीकडून दुसरीकडे जायचे तर २०० मैलांहून अधिक वळसा. त्यात जुलै २०२५ च्या वणव्यात उत्तर कड्यावरचे जुने प्रसिद्ध लॉज जळून गेले. तेव्हा "तिथं लॉजमध्ये राहा, सूर्यास्त खोलीतून दिसतो" हा एके काळचा उत्तम सल्ला आता निकालात निघाला आहे.

तिसरे ग्रँड कॅन्यन म्हणजे पश्चिमेकडचे. दरीवर अर्धवर्तुळासारखा पुढे आलेला काचेचा पूल, स्कायवॉक, २००७ साली सुरू झाला तो इथे. ही जागा हुआलापाय या मूळ अमेरिकन जमातीच्या मालकीची आहे, राष्ट्रीय उद्यानाची नव्हे. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही. तिकीट वेगळे आणि बरेच महाग.

आता "लास व्हेगसहून एका दिवसात होतं" हे वाक्य तपासा. पश्चिमेची जागा व्हेगसहून साधारण १३० मैलांवर आहे. सकाळी निघून संध्याकाळी आरामात परत येता येते. दक्षिण कडा मात्र सुमारे २८० मैल. जाऊन-येऊन नऊ-दहा तास नुसते गाडीत. सांगणारे खोटे बोललेले नसतात आणि ऐकणारे चुकीचे ऐकत नाहीत. फक्त "कोणतं?" हा एक शब्द मध्ये राहून जातो आणि त्या एका शब्दापायी सत्तरीचे बाबा दिवसभर मागच्या सीटवर अवघडून बसतात.

त्याच भागातली आणखी एक गंमत सांगतो. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत. पण त्याच राज्याच्या ईशान्येला पसरलेल्या नॅव्हाहो प्रदेशात करतात. पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनची वेळ राखून ठेवली असेल, तर हातातला फोन जवळच्या मनोऱ्याप्रमाणे तासाभराने पुढे-मागे होऊ शकतो. म्हणून तिकीट काढतानाच "तुमची वेळ कोणती?" असे विचारून घ्यावे. "घड्याळाकडं लक्ष ठेवा" एवढे सांगितले तर कुणी हसेल. कारणासकट सांगितले तर लक्षात राहील.

सल्ल्यालाही मुदत असते

लोणच्याच्या बरणीवर आपण तारीख घालतो, सल्ल्यावर घालत नाही. यलोस्टोनमधले ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचे कारंजे वक्तशीरपणासाठी प्रसिद्ध. १९५० च्या दशकात ते सरासरी तासाहून थोड्या अधिक अंतराने उसळत असे. १९५९ आणि १९८३ च्या भूकंपांनंतर जमिनीखालची व्यवस्था बदलत गेली आणि आज ते अंतर सरासरी दीड तासाच्या घरात आहे. जिथे कारंज्याने आपले वेळापत्रक बदलले, तिथे रस्ते, दर आणि नियम यांचे काय घेऊन बसलात!

जून २०२२ च्या पुराने यलोस्टोनच्या उत्तर प्रवेशद्वाराकडचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि त्या उन्हाळ्यात कित्येकांचे बेत फिरले. योसेमिटीत २०२२ च्या उन्हाळ्यात गाडी आत नेण्यासाठी आधी वेळ राखावी लागत होती, २०२३ मध्ये लागली नाही, २०२४ मध्ये पुन्हा लागली. म्हणजे २०२३ मध्ये सहज आत गेलेल्यांचा "काही आरक्षण-बिरक्षण लागत नाही हो" हा सल्ला वर्षभरातच शिळा झाला.

पासाचे तर विचारूच नका. बासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्यभराचा पास पूर्वी दहा डॉलरला मिळे. ऑगस्ट २०१७ मध्ये तो ऐंशी डॉलर झाला. शिवाय तो अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच असतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना केवळ वयाच्या जोरावर तो मिळत नाही. त्यात १ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पासाचे दरही दोन झाले: अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर, बाहेरून आलेल्यांना २५०. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी अशा गर्दीच्या अकरा उद्यानांत परदेशी पाहुण्यांकडे वार्षिक पास नसेल, तर माणशी १०० डॉलरचा जादा आकारही आला. तेव्हा पाहुणे घेऊन निघण्यापूर्वी आपल्या गाडीतल्या मंडळींना कोणता नियम लागू होतो, ते उद्यानाकडूनच विचारून घ्यावे. इथे मित्राचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव कामाचा नाही.

कुणासाठी चांगले?

"सोपं आहे, गाडी थेट वरपर्यंत जाते" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! गाडी जाते हे खरे. पण ओल्ड फेथफुलचा परिसर सुमारे ७,३०० फुटांवर आहे. आपले कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, ५,४०० फूट. म्हणजे यलोस्टोनच्या वाहनतळावर उतरताच आपण कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ दोन हजार फूट वर असतो. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन उद्यानात ट्रेल रिज रोडने गाडी १२,१८३ फुटांपर्यंत जाते. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी रस्ता उरतोच. चाळिशीतल्या माणसाला तिथे गार वारा आणि सुंदर देखावा जाणवतो. हृदयाचे किंवा दम्याचे औषध घेणाऱ्याला आणखीही काही जाणवू शकते. "सोपं आहे" म्हणताना कुणाला सोपे, हे सांगायला हवे. आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना एक फोन करायला हवा.

नायगाऱ्याचेही तसेच. घोड्याच्या नालेसारखा मुख्य प्रपात कॅनडाच्या काठावरून समोरासमोर दिसतो, हा सल्ला खराच आहे. पण अमेरिकेच्या व्हिसावर आलेल्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आई-बाबांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. पूल समोर दिसतो, पलीकडची माणसे दिसतात, आणि आपली मंडळी मात्र अलीकडेच. आधी कळले तर यात दुःख करण्यासारखे काही नाही. 'मेड ऑफ द मिस्ट' ही बोट अमेरिकेच्या बाजूनेच सुटते आणि प्रपाताच्या तुषारांत नेऊन भिजवून आणते, त्यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही. मात्र ती हिवाळ्यात बंद असते, तेव्हा महिना पाहूनच बेत करावा.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, डबे. "खाणं बरोबर न्या" हा सल्ला आपल्याकडे कुणी कुणाला द्यावाच लागत नाही. पण ते ठेवायचे कुठे? यलोस्टोनमध्ये काचा बंद करून पक्क्या टपाच्या गाडीत खाद्यपदार्थ ठेवलेले चालतात. योसेमिटीत अंधार पडल्यावर चालत नाहीत. तिथली अस्वले गाडीचे दार उघडण्यात वाकबगार आहेत. रात्री सगळे सामान खोलीत नाहीतर तिथल्या लोखंडी पेटीत ठेवावे लागते. "आम्ही तर डबे गाडीतच ठेवायचो" हे यलोस्टोनहून आलेल्या वहिनींचे म्हणणे योसेमिटीला निघालेल्या कुटुंबाला महागात पडेल. दंड होईल तो वेगळाच, आणि भाकरवडी अस्वलाच्या पोटात जाईल ती वेगळीच.

एका पोस्टमनची वही

सल्ला कुणी कुणाला द्यायचा याला किती महत्त्व असते, हे या देशाच्या इतिहासात एका माणसाने फार चांगले दाखवून दिले आहे. व्हिक्टर ग्रीन हा न्यूयॉर्कच्या हार्लेममधला कृष्णवर्णीय पोस्टमन. १९३६ साली त्याने प्रवाशांसाठी एक छोटी पुस्तिका काढली, ती पुढे 'ग्रीन बुक' म्हणून ओळखली गेली. त्या काळी गावात चांगले हॉटेल आहे एवढे कळून कृष्णवर्णीय कुटुंबाला काही उपयोग नव्हता. तिथे आपल्याला खोली देतील का, पेट्रोल भरू देतील का, रात्री या गावात थांबणे धोक्याचे तर नाही ना, हे कळणे गरजेचे होते. पुस्तिका आपले अनुभव कळवा म्हणून वाचकांना सांगत असे. लोक कळवत, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांची भर पडे. ही पुस्तिका जवळजवळ तीस वर्षे चालली. वांशिक भेदभावाला बंदी घालणारा नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला आणि त्यानंतर काही वर्षांत ती बंद झाली.

आपल्या सहलींत तेवढे काही पणाला लागलेले नसते, आणि तशी तुलना करूही नये. पण ग्रीनच्या वाचकांना जे पक्के ठाऊक होते ते आपणही शिकण्यासारखे आहे. जागा चांगली की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. कुणासाठी, हा प्रश्न पुरा.

कसे विचारावे, कसे सांगावे

"कसं होतं?" असे विचारले की "मस्त!" हेच उत्तर येते. चार हजार डॉलर खर्चून आलेला माणूस आणखी काय सांगणार? त्यापेक्षा मी विचारतो, "पुन्हा गेलात तर काय वगळाल?" या प्रश्नाने माणसे मोकळी होतात. मग कळते की यलोस्टोनचा १४२ मैलांचा इंग्रजी आठाच्या आकाराचा रस्ता एका दिवसात "झाला" खरा, पण गवे रस्त्यावर आले, वाहतूक तासभर थांबली आणि मुलांनी कारंज्यांपेक्षा आयपॅडच जास्त पाहिले. आईंना एका वेळी किती चालावे लागले, मुक्कामापासून जागा किती लांब होती, रात्री जेवायला काय मिळाले, हेही विचारावे. यात भोचकपणा नाही.

सांगताना महिना आणि वर्ष आधी सांगावे, मग बरोबर कोण होते ते, आणि नंतर कौतुक. जे जमले नाही तेही सांगावे. आपल्याकडे फसलेली सहल सांगायला संकोच वाटतो, पण ऐकणाऱ्याला तीच जास्त उपयोगी. आणि ज्याच्या सल्ल्यावर आपण गेलो त्याला परतल्यावर एक फोन करून काय बदलले ते कळवावे. तो पुढच्या दहा जणांना तोच सल्ला देणार असतो.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यात माझी एवढीच भर: जन कोण, कधी गेले होते, आणि त्यांच्या गाडीत आजी होत्या का, हे ऐकूनच मनाचे करावे. या उन्हाळ्यात आपण जिथे जाल तिथल्या चार ओळी, महिना-वर्षासकट, मंडळाच्या पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा. पुढच्या वर्षी कुणाचे तरी आई-बाबा त्याच वाटेने जाणार आहेत.