रेझिनचा रणगाडा

दिवाळींत मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडावयाचे, ही आपल्या मुलांची जुनी हौस. रेझिनचा, म्हणजे कृत्रिम राळेचा, रणगाडा जुळविण्याची हौस ही तिचीच धाकटी बहीण होय. १९६५ सालीं असल उत्तर येथें पॅटन रणगाड्यांशीं झुंजलेला सेंचुरियन १:३५ या प्रमाणांत तोफेची नळी वगळतां सुमारें २२ सेंटिमीटर लांब भरतो. ताडून पाहावयास खरे रणगाडे अहिल्यानगरच्या संग्रहालयांत आहेत. तें १९९४ सालीं उघडलें.

सांच्यांतून आलेल्या भागांवर तेलकट लेप असतो. साबणाच्या कोमट पाण्यानें तो धुतल्यावांचून रंग धरत नाहीं. ओतकामाचे जादा तुकडे बारीक करवतीनें कापावे. वांकलेली तोफेची नळी गरम पाण्यांत धरून सरळ करावी.

परंतु कोरडें घासणें मात्र कटाक्षानें टाळावें. ती सूक्ष्म धूळ फुप्फुसांत शिरते. पळसदरीस पावसाळ्यांत दारें-खिडक्या लावलेल्या असतात. माजघरांत उडालेली धूळ मग पाळण्यांतील बाळापर्यंत व आजीबाईंपर्यंत पोहोंचते. यास्तव काम पडवींत करावें, वॉटर पेपर भिजवून घासावें, नाकातोंडावर मास्क बांधावा व जागा ओल्या फडक्यानें पुसावी.

वडीलधाऱ्यांनीं ही हौस मोडूं नये. तिला जागा व रीत तेवढी नेमून द्यावी.