कट्ट्यासमोरची बिल्डिंग

रविवार, सकाळचे साडेसहा. अख्खी आयटी जनता झोपलेली आणि मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर स्केचबुक उघडून बसलोय. रस्त्यापलीकडे रिडेव्हलपमेंटला निघालेली तीन मजली सोसायटी. तिच्या जागी काय उभं राहणार, ते मला काढायचंय.

१९२५ साली खुलं झालं तेव्हा हे मैदान 'माहीम पार्क' होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये त्याचं शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या अनेक जुन्या इमारतींचा फंडा एकदम सिंपल : खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. मग कुणी पुढच्या खोलीत दवाखाना टाकला, कुणी क्लास. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा शिवणक्लास असाच पहिल्या मजल्यावर वर्षानुवर्षं चाललाय.

आता नवा टॉवर बघा. मिवान, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायचे. काम फटाफट, फिनिश झकास! पण भिंतीच भार पेलतात. उद्या दोन खोल्यांची एक करायची म्हटली, तर विसरा.

मी मांडलं ते उलटं. भार खांबांवर, मधल्या भिंती हलक्या, पाण्याचे पाइप एकाच डक्टमध्ये, खालचे दोन मजले चार मीटर उंच. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून करतात, दुकानाचा ४००. खाली सगळीकडे ४०० धरायचे. सांगाडा कायमचा, आतलं बदलतं. हॅब्राकेन नावाच्या डच आर्किटेक्टने हे १९६१ मध्येच लिहून ठेवलंय, त्यामुळे क्रेडिट माझं नाही.

"सर, हवा विकता येत नाही," बिल्डरचा माणूस म्हणाला. उंचीची मर्यादा ठरलेली, म्हणजे माझ्या हट्टापायी वरचा एक मजला जाणार. त्याचं गणित चूक नव्हतं, हेच तर दुखणं! त्याला मैदानाच्या बाजूला पार्किंग हवं होतं. कट्ट्यावरून बघायला काय, तर जाळीमागच्या गाड्या.

मीटिंगमध्ये काकूंनी एकच विचारलं, "अरे, मला वर कुठेतरी टाकलंत तर बायका येतील का रे क्लासला?" कुणी बोललं नाही. मीही नाही.

तीन मीटिंगनंतर तडजोड झाली. उंच मजला एकच, तळाचा. पार्किंग मागे, पण उताराची नाही, सपाट. गाड्या कमी झाल्या तर तिथे ऑफिस बसेल. पहिल्या मजल्याची उंची गेली. खांब मात्र राहिले.

परवा काकू कट्ट्यावर भेटल्या. स्केच हातात घेऊन म्हणाल्या, "माझी खिडकी कुठली?" मी पेन्सिलीने दाखवली. म्हणाल्या, "जरा मोठी काढ."